एआयच्या काळातील असाइनमेंट, तोंडी आणि परीक्षा : शिक्षकाने आखणी कशी बदलावी

घरी लिहून आणलेल्या असाइनमेंटवरून विद्यार्थ्याला विषय किती समजला हे आता सांगता येत नाही, ही गोष्ट आपण शिक्षकांनी आधी स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. ती मान्य केल्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल नीट पडत नाही. मग कोणी प्रत्येक चांगल्या वाक्याकडे संशयाने पाहू लागतो, तर कोणी काही घडलेच नाही असे धरून पूर्वीसारखेच गुण देत राहतो. या दोन्हींत नुकसान होते ते मनापासून अभ्यास करणाऱ्या मुलांचे.

बडोद्यातील महाविद्यालयांत शिकवणारे आपल्यासारखे अनेक मराठी शिक्षक आहेत. त्यांच्यासमोर बसलेल्या वर्गात घरी मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी मुले असतात आणि उत्तरे मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत लिहायची असतात. वर्ग मोठा असतो. विद्यापीठाची अंतिम परीक्षा बदलणे एकट्या शिक्षकाच्या हाती नसते, पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बऱ्याच अंशी असतात. हे मार्गदर्शन त्या हाती असलेल्या भागाविषयी आहे आणि चालू सत्रातच सुरुवात करता येईल अशा बेताने ते लिहिले आहे.

हे दुखणे एआयने आणलेले नाही हेही ध्यानात ठेवावे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाचा अहवाल १९४९ मध्ये आला आणि त्याच वर्षी हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाखाली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची असेल तर ती परीक्षांची असावी, असे मत त्या आयोगाने तेव्हाच नोंदवले होते. पाठांतर आणि सुबक मांडणी यांना ज्ञान समजण्याची सवय तेव्हाही होती. तीच सुबक मांडणी आता एक यंत्र काही सेकंदांत करून देते, त्यामुळे ती सवय झाकून ठेवणे अशक्य झाले, एवढाच फरक पडला आहे.

आपलीच असाइनमेंट आधी यंत्राला द्यावी

येत्या सत्रात द्यायची असाइनमेंट घ्यावी आणि ती जशीच्या तशी चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा असेच एखादे साधन वापरून सोडवून घ्यावी. नंतर वर्गात दिलेल्या नोट्स जोडून तेच पुन्हा करावे. तिसऱ्या वेळी दुसऱ्या वर्षाचा सामान्य विद्यार्थी लिहील अशा साध्या भाषेत, एकदोन किरकोळ चुकांसह उत्तर मागावे. ही तिन्ही उत्तरे आपल्या नेहमीच्या गुणपद्धतीने तपासावीत आणि शक्य असल्यास एखाद्या सहकाऱ्याकडून ती जुन्या उत्तरांत मिसळून घ्यावीत, म्हणजे आपण कोणते उत्तर तपासत आहोत हे आपल्यालाच कळणार नाही.

या उत्तरांना चांगले गुण मिळाले, आणि ते बहुधा मिळतातच, तर पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा की हे गुण नेमके कशासाठी दिले गेले. व्याख्या बरोबर आहे, शीर्षके आहेत, मुद्दे क्रमाने आले आहेत, समारोप आहे, अशा गोष्टींसाठीच सगळे गुण गेलेले दिसतील. ज्या गुणांसाठी विद्यार्थ्याने काही पाहिले, मोजले, निवडले किंवा नाकारले असावे लागते, ते गुण आपल्या गुणांच्या तक्त्यात अनेकदा नसतातच. हा शोध शिक्षकासाठी थोडा अवघड असतो, पण पुढचे सगळे काम इथूनच सुरू होते. साधने झपाट्याने बदलत असल्यामुळे हा प्रयोग दर सत्राच्या आधी नव्याने करावा. गेल्या वर्षी यंत्राला न जमलेला प्रश्न यंदा जमत असण्याची शक्यता मोठी आहे.

पकडण्याच्या सॉफ्टवेअरवर निर्णय सोपवू नये

मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर अनेक आहेत. त्यांच्या आधारे कोणाचे गुण कापू नयेत, असे मी ठामपणे सांगेन. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असे एक साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरांपैकी केवळ २६ टक्के ओळखू शकले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर त्याने खोटा ठपका ठेवला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून ते मागे घेण्यात आले. आपल्या वर्गाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा एक अभ्यास २०२३ मध्येच स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात शोधक साधनांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राने लिहिले असल्याचा चुकीचा निर्वाळा मिळाला. मर्यादित शब्दसंपत्तीत, साध्या आणि सरळ वाक्यांत लिहिणाऱ्यांवर ही साधने अधिक संशय घेतात. दांडिया बाजारात मराठी घरात वाढलेली, इंग्रजीत जपून लिहिणारी मुलगी नेमकी याच वर्गात मोडते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्नइटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय बंद केली, तीही विश्वासार्हतेच्या शंकेमुळेच.

इथे एक घोटाळा वारंवार होतो, तो टाळावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत क्षम्य धरले आहे आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे टप्पे पाडून शिक्षा ठरवल्या आहेत. ते प्रमाण आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी असलेल्या साम्याचे असते. यंत्राने लिहिलेला मजकूर दरवेळी नव्याने तयार होतो, त्यामुळे त्याचे साम्य अत्यल्प येऊ शकते. साम्य ४ टक्के आले याचा अर्थ काम विद्यार्थ्याचे आहे असा होत नाही, तसेच ते १५ टक्के आले म्हणून त्याने एआय वापरले असेही सिद्ध होत नाही.

काही सहकारी हस्तलिखित असाइनमेंटकडे परत वळले आहेत. त्यामागचा हेतू मी समजू शकते, पण पडद्यावरचे उत्तर पाहून वहीत उतरवणे यात मुलांचे दोन तास जातात आणि आपल्याला नवे काही कळत नाही. समोर बसून लिहून घेणार असाल तरच हाताने लिहिण्याला अर्थ आहे.

समक्ष काम आणि खुले काम वेगळे करावे

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग ठरवले आहेत. एका मार्गात काम शिक्षकाच्या देखरेखीखाली होते, त्यामुळे ते विद्यार्थ्याचेच असल्याची खात्री देता येते. दुसऱ्या मार्गात एआयचा वापर सरसकट गृहीत धरला जातो. ही विभागणी मला पटते, कारण तिच्यामागे एक साधा विचार आहे. ज्या नियमाचे पालन तपासता येत नाही, तो नियम फक्त प्रामाणिक मुलांना बांधून ठेवतो. घरी करायच्या कामावर ‘एआय वापरू नये’ असे लिहिले की जो ऐकतो तो मागे पडतो आणि जो ऐकत नाही तो पुढे जातो. शिक्षकाने असा नियम करू नये.

म्हणून आपल्या विषयातील प्रत्येक मूल्यमापन यांपैकी कोणत्या गटात बसते हे ठरवावे. वर्गातील लेखी चाचणी, तोंडी, प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिक, संगणक प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर लिहिलेला प्रोग्राम, फळ्याजवळ उभे राहून दिलेले स्पष्टीकरण ही समक्ष कामे. प्रकल्प, निबंध, अहवाल, लघुप्रबंधाचे मसुदे ही खुली कामे. विषयाचा पाया असलेल्या गोष्टी, म्हणजे ज्या विद्यार्थ्याला कोणत्याही साधनाविना यायलाच हव्यात, त्या समक्ष तपासाव्यात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला द्रावणाची तीव्रता काढता येते का, अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला तक्ता वाचता येतो का, मराठीच्या विद्यार्थ्याला अपरिचित कवितेचा अन्वय लावता येतो का, हे समोर बसूनच पाहावे.

समक्ष म्हणजे तीन तासांचा पाठांतराचा पेपर नव्हे. स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स जवळ ठेवून सोडवायची ४५ मिनिटांची चाचणी, जिच्यात कधी न पाहिलेला तक्ता किंवा उतारा दिला आहे, ही समजुतीची परीक्षा अधिक चांगली घेते. सगळ्याच विषयांनी सगळेच समक्ष तपासायचे ठरवले तर सत्रात शिकवायला दिवस उरणार नाहीत. विभागातील शिक्षकांनी एकत्र बसून पदवीच्या वाटेवर कोणती कौशल्ये कुठे समक्ष तपासायची हे वाटून घ्यावे. ही बैठक सत्र सुरू होण्याआधी व्हावी.

खुल्या कामात कामाची वाटचाल तपासावी

माझ्या सांगण्याचा मुख्य भाग हा आहे. तयार झालेला मजकूर यंत्र देऊ शकते, म्हणून गुण त्या मजकुराकडून काढून तो घडण्याच्या वाटेवर ठेवावेत. विद्यार्थ्याने काय पाहिले, कोणता प्रश्न निवडला, पहिल्या मसुद्यात काय चुकले, कोणती गोष्ट गाळली आणि का, हे सगळे तपासता येते, आणि शिकणे घडते तेही तिथेच.

यासाठी दूर जायला नको. आपल्याच विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत तिथे शिकवत असत. संगीताची शाळा तर सयाजीरावांनी गायक मौलाबक्ष यांच्या हाती १८८६ मध्येच दिली होती. या शाखांत शिक्षक विद्यार्थ्याचे काम फक्त शेवटी पाहत नाही. तो रेखाटनांची वही चाळतो, अर्धवट चित्रासमोर उभा राहून प्रश्न विचारतो, तान चुकली तिथे थांबवतो. प्रतिमा तयार करणाऱ्या साधनांनी त्या शाखांपुढेही नवे प्रश्न उभे केले आहेत, पण जो शिक्षक आठवड्यामागून आठवडे हात चालताना पाहतो, त्याला काम कोणाचे हे विचारावे लागत नाही. वाणिज्य, समाजशास्त्र, अभियांत्रिकी यांच्या वर्गांत ही पद्धत आणणे हाच मला दिसणारा खरा उपाय आहे.

ती कशी आणावी ते एका उदाहरणाने सांगते. ‘शहरी पुराची कारणे आणि उपाय यांवर १,५०० शब्दांत निबंध लिहा’ अशी असाइनमेंट पर्यावरण, भूगोल, समाजशास्त्र, नागरी अभियांत्रिकी अशा अनेक विषयांत दिली जाते, आणि तिचे उत्तम उत्तर यंत्र लगेच देते. त्याऐवजी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले त्यावर काम द्यावे. विद्यार्थ्याने फतेगंज किंवा समा यांसारख्या नदीजवळच्या भागातील दोन शेजारच्या गल्ल्या निवडाव्यात, पाण्याची खूण भिंतीवर कुठवर आली होती ते रहिवाशांना विचारून टेपने मोजावे, दोन घरांतील माणसांशी बोलून पाणी केव्हा आले आणि केव्हा ओसरले याची नोंद करावी आणि दोन गल्ल्यांत फरक असेल तर तो कशामुळे पडला असावा याचा अंदाज लिहावा. पावागडकडून येणाऱ्या या नदीची माहिती, आजवा जलाशयाशी असलेला तिचा संबंध, पावसाचे आकडे ही पार्श्वभूमी एआयकडून मिळवण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक आकडा मूळ ठिकाणी जाऊन पडताळावा. अखेरीस एआयने पुराचे दिलेले सर्वसाधारण स्पष्टीकरण आपल्या गल्लीला कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे एका पानात लिहावे.

हे काम ५० गुणांचे असेल तर मी ते असे वाटेन. दुसऱ्या आठवड्यात एका पानाचा आराखडा, त्याला ५ गुण. पाचव्या आठवड्यात जागेवर घेतलेल्या नोंदी, छायाचित्रे आणि मोजमापे, त्यांना १० गुण. आठव्या आठवड्यात पहिला मसुदा आणि त्यावर सहाध्यायाने विचारलेले प्रश्न, त्यांना ५ गुण. अंतिम अहवालाला १० आणि तोंडीला २० गुण. अंतिम अहवालाचे गुण मुद्दाम कमी ठेवले आहेत. अनेकांना हे प्रमाण उलटे वाटेल, पण आपण ज्याला सर्वाधिक गुण देतो तेच मुले मनावर घेतात.

स्थानिक विषय दिला की यंत्राला तो येणार नाही, अशा समजुतीत राहू नये. विद्यार्थी छायाचित्रे आणि नोंदी यंत्राला देऊन त्यावरून अहवाल लिहून घेऊ शकतो. तरीही हा विषय द्यावा, कारण नोंदी घेण्यासाठी त्याला त्या गल्लीत जावेच लागते आणि तिथे गेलेल्या मुलाशी तोंडीत बोलता येते. इतिहास किंवा कलेतिहासाच्या वर्गाला रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भित्तिचित्रांपैकी एकच फलक देऊन, तिथे उभे राहून, आकृत्या कोणत्या क्रमाने वाचायच्या याविषयी स्वतःचा तर्क मांडायला सांगता येईल. गणित किंवा सांख्यिकीच्या वर्गाला यंत्राने सोडवलेले उदाहरण द्यावे, त्यात शिक्षकाने एक सूक्ष्म चूक घालून ठेवावी, आणि ती कुठे आहे, तिच्यामुळे पुढचे काय काय बिघडते हे विचारावे. प्रोग्रामिंगमध्ये घरून केलेला प्रोग्राम प्रयोगशाळेत उघडायला सांगून त्यातील एक अट तिथेच बदलायला लावावी. ज्याला आपला प्रोग्राम कळतो त्याला वीस मिनिटे पुरतात.

तोंडीत काय विचारावे

तोंडीत व्याख्या विचारू नयेत. विद्यार्थ्याचे काम समोर ठेवून त्याच कामाविषयी विचारावे. ‘हा आकडा कुठून घेतलास, मूळ तक्ता दाखव.’ ‘पहिल्या मसुद्यात हा परिच्छेद आधी होता, मग शेवटी का नेलास?’ ‘तुझ्या नोंदींतली कोणती गोष्ट तुझ्याच निष्कर्षाच्या विरुद्ध जाते?’ ‘दोनऐवजी दहा घरांशी बोलायला मिळाले असते तर तू आधी कुठे गेली असतीस?’ असे तीन-चार प्रश्न पुरेसे असतात. स्वतः काम केलेले मूल अडखळत का होईना, पण उत्तराच्या जवळ येते, एखादा तपशील जास्तीचाच सांगते, कधी आपल्या कामातील उणीव स्वतःच दाखवते. ज्याने मजकूर फक्त पुढे सरकवला आहे, तो अहवालातलीच वाक्ये पुन्हा म्हणतो.

घाबरणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. प्रश्नांचे स्वरूप आधी सांगावे आणि सत्राच्या सुरुवातीला एक बिनगुणांची तोंडी घ्यावी. ज्यांना बोलण्यात अडचण आहे त्यांना तेच प्रश्न समोर बसून लिहून उत्तरायची मुभा द्यावी. गुण तीन निकषांवर द्यावेत: कामाचा तपशील माहीत आहे का, निर्णयांची कारणे सांगता येतात का, आणि नव्या परिस्थितीत तेच तत्त्व लावता येते का. प्रत्येक उत्तरानंतर एका ओळीची नोंद लगेच करावी, कारण गुणांविषयी तक्रार आली तर हीच नोंद आपल्या आणि विद्यार्थ्याच्या कामी येते.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. विषयच इंग्रजी नसेल तर तोंडी विद्यार्थ्याच्या पसंतीच्या भाषेत घ्यावी. बडोद्यातल्या शिक्षकाला मराठी, गुजराती, हिंदी या तिन्ही समजतात, मग ‘मागणीची लवचिकता’ मराठीत समजावणाऱ्या मुलीचे गुण कशासाठी कापायचे? आजवर सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्याला आपण नकळत विषयाचेच गुण देत आलो. ती सफाई आता सर्वांना उपलब्ध झाली आहे, तेव्हा हा अन्याय दूर करण्याची संधी आपण घेतली पाहिजे. इंग्रजी शिकवायचेच नाही असा याचा अर्थ नाही. ती नोकरीसाठी लागते आणि शिकवावीच, पण तिचे गुण वेगळे दाखवावेत.

मोठ्या वर्गाचे गणित

८० मुलांची तोंडी कशी घ्यायची, हा प्रश्न योग्यच आहे. प्रत्येकी ६ मिनिटे धरली तर ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास होतात. ते सत्राच्या शेवटी एकदम काढणे अशक्य आहे. मात्र १५ आठवड्यांच्या सत्रात तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात केली आणि पुढचे १२ आठवडे आठवड्याला सहा-सात मुले घेतली, तर आठवड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, आणि ती ट्युटोरियलच्या तासात बसतात. त्या वेळी उरलेला वर्ग एकमेकांचे मसुदे वाचण्याचे काम करू शकतो. सुरुवातीच्या मुलांचे काम कमी झालेले असते, म्हणून त्यांना आराखडा आणि नोंदी यांवरच प्रश्न विचारावेत आणि हे आधी जाहीर करावे.

आपला तपासणीचा वेळही यात वाचवता येतो. ८० लांबलचक निबंध वाचण्यात जाणारे तास अहवाल आखूड केल्यावर तोंडीकडे वळतात. चार जणांच्या गटाला एकत्र बोलावून प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारण्याची रीतही चालते, मात्र तेव्हा गुण व्यक्तीला द्यावेत, गटाला नव्हेत. त्याहून मोठ्या वर्गात प्रत्येकाची दरवेळी तोंडी घेण्याचा हट्ट धरू नये. चिठ्ठ्या टाकून काहींना बोलावले जाईल, आणि प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी यावे लागेल, हे सुरुवातीलाच सांगितले तर सगळेच तयारीत राहतात.

तासाला काय बदलावे

मूल्यमापन बदलले आणि शिकवणे तसेच राहिले तर मुले गोंधळतात. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. गणिताचा सराव करताना ज्यांना साधा चॅटबॉट दिला होता, त्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण साधन काढून घेतल्यावर झालेल्या परीक्षेत त्यांना साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त सूचना देणारा, शिक्षकांच्या मदतीने घडवलेला चॅटबॉट दिला होता. त्यांचे सरावाचे गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतील नुकसान बहुतांशी टळले. हे आकडे तुमच्या वर्गाला दाखवावेत. बंदीपेक्षा त्यांचा परिणाम अधिक होतो, कारण यात मुलांचे स्वतःचे हित आहे.

त्यानुसार तासाला एक सवय लावावी: आधी स्वतः, मग यंत्र. दहा मिनिटे कागदावर एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, त्यानंतरच एआयला विचारायचे, तेही ‘उत्तर देऊ नकोस, माझ्या पायऱ्यांत चूक कुठे आहे तेवढी खूण कर’ अशा शब्दांत. शेवटची पाच मिनिटे यंत्राचे उत्तर आणि आपले उत्तर यांत काय फरक पडला ते लिहायचे. पडताळणीही वर्गातच शिकवावी. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. हे उदाहरण सांगून मुलांना एआयने दिलेले पाच संदर्भ मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन शोधायला लावावेत. पुस्तक कपाटात आहे का, त्या पानावर ते विधान आहे का, एवढेच पाहायचे.

विद्यार्थ्यांना लेखी सूचना द्यावी

तोंडी सांगितलेला नियम प्रत्येकजण वेगळा ऐकतो. पहिल्याच तासाला पुढील आशयाचा मजकूर वाटावा आणि आपल्या विषयाप्रमाणे बदलावा.

‘या विषयातील वर्गचाचणी आणि तोंडी या कामांत कोणतेही एआय साधन वापरता येणार नाही. प्रकल्पासाठी ते वापरता येईल. वापरल्यास प्रकल्पाच्या शेवटी अर्ध्या पानात लिहावे: कोणते साधन वापरले, कशासाठी वापरले, त्याने सुचवलेली कोणती गोष्ट स्वीकारली, कोणती नाकारली आणि का. ही नोंद प्रामाणिकपणे दिल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. प्रकल्पातील प्रत्येक विधानाची आणि संदर्भाची जबाबदारी तुमची राहील. यंत्राने चुकीचे सांगितले हे कारण चालणार नाही. मुलाखत दिलेल्या व्यक्तींची नावे, फोन क्रमांक किंवा ध्वनिमुद्रण कोणत्याही साधनाला देऊ नये.’

शंका आल्यास काय होईल तेही याच कागदावर असावे. आधी विद्यार्थ्याला बोलावून कामाविषयी विचारले जाईल, मसुदे आणि नोंदी मागितल्या जातील, दुसरे शिक्षक उपस्थित असतील, आणि त्यानंतरच निर्णय होईल. पैसे भरून घेतलेले साधन आणि फुकटचे साधन यांत बराच फरक असतो, म्हणून फुकटच्या साधनाने पूर्ण होईल असेच काम द्यावे किंवा प्रयोगशाळेतील संगणकांवर सर्वांना सारखी सोय करून द्यावी.

शिक्षकाने स्वतः पाळायचे

उत्तरपत्रिका तपासण्यासाठी एआयचा वापर करण्याचा मोह होतो. प्रश्नांचे आराखडे, सरावाची उदाहरणे, निकषांच्या तक्त्याचा पहिला मसुदा यांसाठी त्याची मदत जरूर घ्यावी. गुण मात्र स्वतः वाचूनच द्यावेत. विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक किंवा उत्तरपत्रिकेचे छायाचित्र बाहेरच्या कोणत्याही साधनावर चढवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण कायदा नसता तरी विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेला कागद परक्या हाती देणे गैरच ठरले असते. आपण जे वापरतो ते वर्गाला सांगावेही, कारण मुलांकडून मागितलेला खुलासा आपणही देणे न्याय्य आहे.

सत्र संपल्यावर तोंडीच्या नोंदी, गुणांची विभागणी आणि मुलांचे अभिप्राय एकत्र ठेवून विभागप्रमुखांना द्यावेत आणि अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन मागण्या लेखी मांडाव्यात. पहिली, अंतर्गत मूल्यमापनात तोंडी आणि मसुद्यांना ठरावीक हिस्सा मिळावा. दुसरी, तोंडीला लागणारा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरला जावा. ही दुसरी मागणी मान्य होईपर्यंत सगळा भार शिक्षकाच्या वैयक्तिक उत्साहावर राहतो, म्हणून एका विषयातील एकाच असाइनमेंटपासून सुरुवात करावी, ती नीट बसल्यावर पुढच्या सत्रात दुसरी घ्यावी, आणि आपली निकषपत्रिका शेजारच्या विभागातील शिक्षकाला वापरायला द्यावी.